सामूहिक शेततळ्याचं पाणी वर्षागणिक खारं होतंय, करायचं काय?

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला, बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. कवठे महांकाळच्या बाजूला चौघांचं मिळून 1 कोटी लिटरचं शेततळं, आत 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यात पाणी पडतं जुन्या विहिरीचं, एका जुन्या बोअरचं आणि दोन वर्षांपूर्वी मारलेल्या खोल बोअरचं, शिवाय म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन आलं तर तेही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, तीन वर्षांत 900 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) वरून 1900 च्या आसपास गेला, खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, आणि आता एक पार्टनर म्हणतोय पाईपवर चुंबकाचं यंत्र, मॅग्नेट, बसवू, दुसरा म्हणतोय आरओ, तिसरा म्हणतोय तळ्यात जिप्सम टाकू. चौथा, ज्याचा तो खोल बोअर आहे, तो काहीच म्हणत नाही. मला त्या चौथ्यातच जास्त इंटरेस्ट आहे.

मी माती-पाणी तपासणी आणि द्राक्ष सल्ला यात 22 वर्षं काढलीत, त्यामुळं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी तो टीडीएसचा पेन बाजूला ठेवा, म्हणजे फेकू नका, पण तो काय दाखवतो ते समजून घ्या. पेन मीठ मोजतच नाही. तो पाण्यातून करंट किती जातो ते मोजतो, म्हणजे ईसी, आणि मग आतल्या आत एका आकड्यानं गुणून पीपीएम दाखवतो. हा गुणक कुठल्या पेनात 0.5 असतो, कुठल्यात 0.7. म्हणजे ईसी 2 असलेलं तेच पाणी तुमच्या पेनवर 1000 दिसेल आणि पार्टनरच्या पेनवर 1400, आणि बांधावर भांडण सुरू, की तुझ्या पाळीला पाणी चांगलं आणि माझ्या पाळीला खारं. असली भांडणं मी सोडवलीत, दोन पेन एकाच ग्लासात बुडवून. तीन वर्षांपूर्वीचे 900 तुम्ही कुठल्या पेनवर मोजले होते ते आठवून बघा. वेगळा पेन असेल तर वाढ दिसते तेवढी नसेल, किंवा जास्तही असेल. इथून पुढं चौघांत एकच मीटर, ईसीवर ठेवलेला, वर्षातून दोनदा कॅलिब्रेशनच्या द्रावणात तपासलेला. आणि रीडिंग शक्यतो सकाळीच घ्या, कारण पाणी एक डिग्रीनं तापलं की ईसी साधारण 2 टक्क्यांनी वाढते, स्वस्तातले पेन ते धड सांभाळत नाहीत.

आता मूळ गोष्ट. कागद टाकलेल्या तळ्यातून मीठ बाहेर जायला एकच वाट असते, तुमचा पंप. साध्या मातीच्या तळ्यात थोडं पाणी झिरपतं आणि त्याबरोबर मीठही जमिनीत उतरतं, कागदाच्या तळ्यात तेही नाही. वरून ऊन पाणी उडवतं पण उडणारं पाणी गोडं असतं, मीठ सगळं मागंच राहतं. आपल्याकडं डिसेंबर ते मे या काळात तळ्याच्या पृष्ठभागावरून मीटरभर पाणी सहज उडून जातं. तुमच्या तळ्याला ते अंदाजे 20 लाख लिटर धरा.

बरेच जण इथंच थांबतात आणि म्हणतात उन्हानं पाणी आटलं म्हणून खारं झालं. हिशोब करून बघा. 1 कोटीतले 20 लाख उडाले, 80 लाख राहिले, म्हणजे क्षार चारास पाच झाले, 900 चे 1125 होतील. 1900 कुठून होतील? नुसत्या बाष्पीभवनानं एवढी उडी बसत नाही. खरी मारामारी पुढं आहे, उडालेलं पाणी भरून काढायला तुम्ही परत बोअरचं पाणी टाकता. गोडं उडतं आणि त्याच्या जागी खारं येतं, दर वर्षी. आणि तळं कधीच पूर्ण रिकामं होत नसल्यामुळं मागच्या वर्षीची शिल्लक पुढच्या वर्षी ओढली जाते, सोसायटीच्या थकबाकीसारखी.

तुम्ही तिन्ही पाण्यांचे आकडे दिलेत आणि 200 लिटरचं बॅरल किती सेकंदात भरतं तेही लिहिलंत, याबद्दल खरंच आभार, निम्मे लोक नुसतं दोन इंची पाणी आहे म्हणतात, त्यावरून काही कळत नाही. तुमचे आकडे असे: जुना बोअर 950 पीपीएम, बॅरल 60 सेकंदात, म्हणजे तासाला 12,000 लिटर. विहीर 1300, बॅरल 100 सेकंदात, तासाला 7,200 लिटर. खोल बोअर 2900, बॅरल 50 सेकंदात, तासाला 14,400 लिटर. एका दिवशी एकाच पेनवर मोजलेत म्हणून आपापसातली तुलना तरी बरोबर धरू.

आता पाणी विसरा, मीठ मोजा. जुना बोअर तासाला 11.4 किलो क्षार तळ्यात टाकतो, विहीर 9.4 किलोच्या आसपास, आणि खोल बोअर जवळजवळ 41.8 किलो. बेरीज साडेबासष्ट किलो. आठ तास लाईट असली तर दिवसाला 500 किलो, म्हणजे 50 किलोची 10 पोती तुम्ही रोज स्वतःच्या हातानं तळ्यात रिकामी करताय, वर लाईट गेली म्हणून शिव्याही देताय. त्यातली जवळपास 7 पोती एकट्या खोल बोअरची. तिघांचं मिसळलेलं पाणी येतं 1860 पीपीएम, तुमच्या तळ्याच्या रीडिंगच्या अगदी जवळ. खोल बोअर बंद ठेवला तर उरलेल्या दोघांचं मिश्रण 1080 च्या आसपास येतं. म्हणजे चोर सापडलाय, तुम्हाला तो आधीपासून माहीतही असणार, पण चौघांत बोलायचं कुणी हा प्रश्न आहे.

1860 आणि 1080 यात फरक काय पडतो म्हणाल, तर द्राक्ष हे पीक मिठाच्या बाबतीत नाजूक आहे. पाण्याची ईसी 1 पर्यंत असेल तर उत्पादनाला धक्का नाही, 1.7 च्या आसपास साधारण 10 टक्के घट आणि 2.7 ला 25 टक्के, हे जगभर वापरले जाणारे ढोबळ आकडे आहेत, तेही जमिनीचा निचरा बरा असेल तर. 0.64 चा गुणक धरला तर 1080 पीपीएम म्हणजे ईसी साधारण 1.7 आणि 1860 म्हणजे 2.9. एका बोअरपायी तुम्ही दहा टक्क्यांच्या नुकसानीतून पाव बागेच्या नुकसानीत गेलाय. शिवाय हे नुकसान एका वर्षात दिसत नाही, पहिल्या वर्षी कडा करपतात, दुसऱ्या वर्षी काडी बारीक राहते, तिसऱ्या वर्षी माल कमी येतो आणि आपण औषधवाल्याला दोष देतो.

खोल बोअरचं पाणी असं का, तर आपला काळा पाषाण वरच्या थरात कुजलेला, भेगांचा असतो, तिथलं पाणी दर पावसाळ्यात थोडंफार बदलतं. खाली 600-700 फुटांवर जे लागतं ते बऱ्याचदा वर्षानुवर्षं दगडात मुरून बसलेलं पाणी असतं, क्षार खाऊन जड झालेलं. सगळीकडं असं नसतं, पण तुमच्या भागात मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय. एक टेस्ट करा: बोअर सुरू केल्यावर 10 मिनिटांनी, तासानं आणि सहा तासांनी सँपल घ्या. ईसी चढत गेली तर वरचं बरं पाणी आधी संपतं आणि मग खालचं खारं ओढलं जातं असं समजायचं, मग तो बोअर रोज दोन-तीन तासच चालवायचा. पहिल्या मिनिटापासून सारखीच 2900 असेल तर काही करण्यासारखं नाही. नुसती मोटर वर घेऊन फायदा होईल असं वाटत असेल तर होत नाही सहसा, पाणी खालूनच येणार, खालची झड, म्हणजे पाणी येणारी भेग, बुजवली तरच काही फरक, आणि ते काम जाणकाराकडूनच, आधी वरच्या थरात पाणी आहे का ते बघून.

मॅग्नेट आता. तुमच्या पार्टनरला 40 हजारांचा कोटेशन आलाय म्हणे. मॅग्नेट पाण्यातून मिठाचा एक कण बाहेर काढत नाही. पाईपला पांढरा थर कमी बसतो वगैरे दावे असतात, त्या वादात मी पडत नाही, पण तुमचा प्रश्न पाईपचा नाही, मुळांचा आहे. विकणाऱ्याला सांगा, मशीनच्या आधीचं आणि नंतरचं पाणी दोन बाटल्यांत दे, आम्ही ईसी आणि क्लोराइड लॅबला तपासतो, मग पैसे देतो. बहुतेक फोन उचलायचं बंद करेल.

आरओ काम करतं, त्यात खोट नाही, पण 1 कोटी लिटरला आरओ म्हणजे लग्नाच्या पंगतीला चहाच्या कपानं पाणी वाढण्यासारखं. वीज, मेंब्रेन, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रिजेक्ट. मीठ नाहीसं होत नाही, ते एका बाजूला गोळा होतं, आणि ते दुप्पट-तिप्पट खारं पाणी तुम्ही सोडणार कुठं? ओढ्यात सोडलं तर खालच्या माणसाची विहीर गेली. घरच्या पिण्यापुरतं आरओ ठीक, बागेला नको.

जिप्समची गोष्ट वेगळी, आणि इथं माझीच एक चूक सांगतो. धंद्यात नवीन असताना एका गटाला मी पाण्याचा पूर्ण रिपोर्ट न बघता, नुसता पीएच जास्त दिसला म्हणून तळ्यात जिप्सम टाकायला सांगितलं. पोती ओतली, ईसी अजून वाढली, आणि करपणं तसंच. नंतर रिपोर्ट बघितला तर प्रॉब्लेम क्लोराइडचा होता. जिप्सम क्लोराइडला काहीही करत नाही, जिप्सम स्वतःच एक क्षार आहे. ते लागतं कधी, तर पाण्यात बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असेल तेव्हा, त्याला आरएससी म्हणतात. आरएससी सव्वाच्या खाली असेल तर विषय सोडून द्या, अडीचच्या वर असेल तर सोडियम जमिनीला धरून बसतो, जमीन चोपण व्हायला लागते, पाणी मुरत नाही. तिथं आरएससी एकानं कमी करायला 10 लाख लिटरला शुद्ध जिप्सम 86 किलो लागतं, हा हिशोब आहे. पण मी असल्या वेळी जिप्सम तळ्यात न टाकता जमिनीत द्यायला सांगतो, तळ्यात ते निम्मं तळाशी गाळ होऊन बसतं.

म्हणून लॅबला पाणी देताना नुसतं टीडीएस-पीएच मागू नका. ईसी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट, कार्बोनेट-बायकार्बोनेट, शिवाय एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी काढून मागा. चार बाटल्या द्या: तिन्ही पाणी वेगवेगळी आणि एक तळ्याचं. तळ्याचं सँपल काठावरून नको. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी, तळाशी सोडून बूच ओढा. खारं पाणी जड असतं, वारा नसेल तर ते खाली बसून राहतं, वरचं रीडिंग बघून आपण खूश आणि पंपाचा फूटव्हॉल्व मात्र तळातलं ओढतोय. बागेचं देठ परीक्षणही करून घ्या, देठात सोडियम अर्धा टक्क्याच्या वर दिसला तर समजा मुळांनी हात टेकलेत.

क्लोराइडचं पाणी निघालं तर अजून एक, ड्रिपला बायकार्बोनेट कमी करायला ॲसिड देताना हायड्रोक्लोरिक नको, ते क्लोराइडच आहे. आणि कुठलंही ॲसिड असो, पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, हे गड्याला तीन वेळा सांगा.

बारीकसारीक चोऱ्याही बघून ठेवा. सँड फिल्टरचं बॅकवॉश परत तळ्यात जातंय का? बऱ्याच ठिकाणी पाणी वाया नको म्हणून तसा पाईप असतो. पंप तळ्याच्या काठावर, खताची टाकी त्याच लाईनला आणि नॉन रिटर्न व्हॉल्व खराब, अशी स्थिती असेल तर लाईट गेल्यावर खताचं पाणी उलटं तळ्यात येतं. मी एका ठिकाणी तळ्यात शेवाळ का वाढतंय शोधत दोन दिवस घालवले आणि कारण हे निघालं. तुमच्या एवढ्या वाढीचं मुख्य कारण हे नाही, पण व्हॉल्व स्वस्त आहे, बदलून टाका.

आता करायचं काय. खोल बोअरचा पाईप तळ्यातून काढायचा, याला पर्याय नाही. पण ज्याचा बोअर त्याला चोर ठरवून काढायला गेलात तर पार्टनरशिप तुटेल, तो म्हणेल मी बोअरला पैसे घातले, मला पाणी कमी का. बरोबर आहे त्याचं. त्याच्याकडं डाळिंब असेल, कडवळ (चाऱ्याची ज्वारी) असेल, तर खोल बोअरचं पाणी थेट तिकडं जाऊ दे, ही पिकं द्राक्षापेक्षा खूप जास्त सोसतात, आणि बदल्यात तळ्यातल्या पाळीत त्याचे तास तसेच ठेवा, वाटल्यास एखादा जास्त द्या. लेखी करा, साध्या वहीत, चौघांच्या सह्या. 1500 च्या वरचं कुठलंही पाणी तळ्यात पडणार नाही, एवढा एकच नियम घातलात तरी बास. अजून एक बाब चौघांनी ध्यानात घ्या, मे महिन्यात शेवटची पाळी ज्याची त्याला सगळ्यात खारं पाणी मिळतं, म्हणून पाळीचा क्रम दर वर्षी फिरवा, नाहीतर एकाचीच बाग कायम बळी जाते.

मग तळ्यात आधीच साठलेल्या मिठाचं काय? आज तळं भरलेलं धरलं तर 1900 च्या हिशोबानं त्यात 19 टन क्षार आहेत, ते काढायला पाणीच काढावं लागतं. समजा म्हैसाळच्या पाण्याला मीटर लावला आणि ते 400 आलं (तुम्ही मोजा, माझा आकडा धरू नका), तर 1860 चं पाणी 1000 वर आणायला तळ्यात सुमारे 59 टक्के पाणी नवीन असायला लागतं. म्हणजे निम्म्याहून जास्त तळं आधी रिकामं पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात, आवर्तन आलं की भरलेल्या खाऱ्या तळ्यावर चार बोटं गोडं पाणी चढवतात आणि म्हणतात फरक पडला नाही. आवर्तनाची तारीख कळली की त्याआधी तळातलं पाणी कडवळाला, मोकळ्या रानाला देऊन टाका, ओढ्यात सोडू नका. 2012-13 च्या दुष्काळात टँकरनं बागा जगवलेल्या माणसाला पाणी रिकामं करा म्हटलं की पोटात गोळा येतो, मला माहितीय, म्हणून एकदम नको, दोन वर्षांत करा, पण करा.

पावसाचं पाणी फुकट आहे हे विसरू नका. तुमच्या तळ्याचं तोंड साधारण अडीच हजार चौरस मीटर धरलं आणि पाऊस 500 मिमी, तर साडेबारा लाख लिटर शुद्ध पाणी नुसतं आभाळातून पडतं. जूनमध्ये तळं काठोकाठ भरलेलं असेल तर ते सांडून जातं. जूनला तळं खाली असलं पाहिजे, बोअरनं भरायची घाई नको. वरून शेडनेट टाकता आलं तर उडणारं पाणी बरंच कमी होतं, चौघांत खर्च विभागला तर जमण्यासारखं आहे, फक्त वाऱ्याच्या बाजूचा ताण नीट काढा, नाहीतर पहिल्या वळवात नेट शेजारच्या रानात.

आणि बागेतलं मीठ राहिलंच की. तीन वर्षं जे पाणी दिलंत त्याचं मीठ ओळीत बसलंय, ड्रिपच्या ओलीच्या कडेला पांढरी रेघ दिसत असेल बघा. मधून मधून, दोन-तीन पाण्यांनंतर, गरजेपेक्षा 15-20 टक्के जास्त पाणी एका दमात द्यायचं म्हणजे ते मीठ मुळांच्या खाली जातं. पण आधी तीन फुटाचा खड्डा काढून बघा, खाली पाणी तुंबत असेल किंवा चिकट पिवळी माती असेल तर जास्त पाणी देऊन काही धुऊन जात नाही, उलट कृष्णाकाठच्या क्षारपड रानांसारखं होईल, तिथं आधी चर किंवा पाईपचा निचरा. बोदावर बगॅस नाहीतर पाचट टाका, वरची माती तापायची थांबली की मीठ वर चढायचं कमी होतं. पुढची लागण करणार असाल तर खुंटाचाही, ज्यावर द्राक्षाचं कलम करतात त्याचा, विचार करा, सगळे डॉगरिज डॉगरिज करतात, पण सोडियम अडवण्यात 110 आर बरा पडतो, रोपं घ्यायच्या आधी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात विचारून घ्या.

पहिल्या वळवाचं तेवढं सांभाळा. चार-पाच मिलिमीटरचा हलका पाऊस झाला की ओलीच्या कडेला साठलेलं सगळं मीठ विरघळून मुळांकडं सरकतं, धुऊन जाण्याएवढा तो पाऊस नसतो, आणि दोन दिवसांत हिरवीगार बाग कडेनं करपते, मग लोक म्हणतात पावसात काहीतरी होतं. त्या दिवशी पाऊस पडत असताना ड्रिप चालू ठेवायची, तास-दीड तास, म्हणजे मीठ आत यायच्या ऐवजी बाहेर आणि खाली ढकललं जातं. शेजारचा बघून हसेल, पावसात पाणी देतोय म्हणून, हसू दे.